शौर्याचा कागद आणि गावाची साक्ष

मंगळवेढ्याची ओळख महाराष्ट्राला आहे ती एका पावतीमुळे. दुष्काळात दामाजीपंतांनी सरकारी कोठारे रयतेला मोकळी केली, बेदरच्या बादशहाने जाब विचारला, आणि विठू महार नावाचा कोणी एक दरबारात जाऊन धान्याची सारी रक्कम भरून, पावती घेऊन परतला, अशी ती कथा. चमत्कार सगळ्यांना आठवतो. त्यातला कारकुनी तपशील मात्र फारसा कोणी मनावर घेत नाही: विठू महाराच्या रूपात आलेल्या प्रत्यक्ष पांडुरंगालाही दरबारात रक्कम नुसती ओतून चालले नाही, पावती घ्यावी लागली. ही कथा आज आपण ज्या रूपात वाचतो ती महिपतीच्या ‘भक्तविजया’त आहे, आणि तो ग्रंथ १७६२ सालचा. दुष्काळ मात्र पंधराव्या शतकातला मानला जातो. म्हणजे घटना आणि तिची ही हकीकत यांत सुमारे तीन शतकांचे अंतर. तरीही दख्खनमध्ये तो दुष्काळ दामाजीपंतांच्याच नावाने ओळखला गेला, ही गोष्ट साधी नाही. दुष्काळ पडला होता का, कोठार उघडणारा माणूस हाच का, आणि पुढे जे सांगितले जाते ते तसेच घडले का, असे तीन प्रश्न इथे एकमेकांत गुंतलेले आहेत. एकाचे उत्तर ‘हो’ आले म्हणून उरलेल्या दोहोंचे आपोआप ‘हो’ होत नाही, आणि एकाचे ‘नाही’ आले म्हणून बाकीचे खोटे ठरत नाहीत.

राष्ट्रीय शौर्यपदकांचे मानकरी आणि त्यांच्या नोंदी पडताळून पाहण्याचा विषय हाती घेतला की नेमके हेच तीन प्रश्न समोर येतात. पदक दिले गेले का? याच माणसाला दिले गेले का? आणि आज त्याच्या नावाने जो पराक्रम सांगितला जातो, त्यासाठीच दिले गेले का? पडताळणीवरून होणारे बहुतेक तंटे हे तीन प्रश्न एकच समजल्यामुळे होतात, असे माझे मत आहे. पहिल्याचे उत्तर दिल्लीच्या दप्तरात आहे. तिसऱ्याचे उत्तर दिल्ली आणि गाव दोघांकडे थोडे थोडे आहे आणि ते कधीच पुरते मिटत नाही. पण दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे ‘हाच तो माणूस’ याचे उत्तर गावाशिवाय कोणी देऊ शकत नाही, आणि आपल्याकडे सगळ्यांत जास्त हेळसांड त्याचीच झाली आहे. मंगळवेढ्यासारख्या तालुक्याने आपल्या शूरांची यादी करायला घेतली, तर तिचे खरे काम इथे आहे.

पहिला प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. परमवीरचक्र, महावीरचक्र आणि वीरचक्र ही युद्धकाळातील पदके २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली गेली, कारण काश्मीरच्या पहिल्या लढाईतले पराक्रम त्यांत यायचे होते. शत्रूशी समोरासमोर लढाई नसताना दाखवलेल्या शौर्यासाठीची पदके १९५२ साली आली. पदक जाहीर होते ते राष्ट्रपती सचिवालयाच्या अधिसूचनेने, भारताच्या राजपत्रात. राजपत्रात नाव असेल तर पदक आहे, नसेल तर तोवर नाही. वर्तमानपत्रातले कात्रण, सत्काराचा फोटो, शाळेच्या भिंतीवरचा फलक, आमदारांच्या भाषणातला उल्लेख, यांपैकी कशानेही ती उणीव भरून निघत नाही. राजपत्रातही चुका होतात आणि मागाहून शुद्धिपत्रे निघतात, म्हणून एक अंक पाहून थांबणे धोक्याचे. पण आरंभ तिथूनच करायचा. दिलेले पदक राष्ट्रपती रद्दही करू शकतात, अशी तरतूद स्थापनेच्या नियमांतच आहे. राज्यकर्त्यांनी आपल्याच सन्मानाला कायम प्रश्नाखाली ठेवले आहे, हे पडताळणीला नाक मुरडणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे.

या सोप्या प्रश्नातही एक खड्डा आहे आणि त्यात प्रामाणिक माणसेच जास्त पडतात. १९५२ साली जी पदके आली ती ‘अशोकचक्र, वर्ग एक, वर्ग दोन, वर्ग तीन’ अशा नावांची होती. १९६७ मध्ये त्यांची नावे बदलून अशोकचक्र, कीर्तिचक्र आणि शौर्यचक्र अशी झाली. आता समजा, एखाद्या घरात १९६० च्या आसपासचा कागद आहे आणि त्यावर ‘अशोकचक्र, वर्ग तीन’ असे लिहिले आहे. नातू अभिमानाने सांगतो, आजोबांना अशोकचक्र मिळाले होते. तो खोटे बोलत नाही, कागदही खोटा नाही, आणि तरी आजच्या भाषेत ते शौर्यचक्र आहे. शांततेच्या काळातले सर्वोच्च पदक आणि त्याच मालिकेतले तिसरे पदक यांत केवढे अंतर आहे हे त्या घराला कोणी सांगितलेलेच नसते. तसाच गोंधळ सेवापदकांचा. १९६५ चे रक्षा पदक, १९७१ चे संग्राम पदक ही त्या काळात सेवेत असलेल्या फार मोठ्या संख्येने सैनिकांना मिळाली. ती शौर्यासाठी नव्हती. छातीवरच्या रंगीत फितींच्या ओळीत कुठली फीत कशाची हे घरच्यांना ठाऊक नसते, आणि तिसऱ्या पिढीपर्यंत ‘पदक’ या एका शब्दात सगळे मिसळून जाते. सेना पदक, राष्ट्रपतींचे पोलीस शौर्य पदक, जीवनरक्षा पदक, मुलांसाठीचा शौर्य पुरस्कार, या सगळ्यांना बातमीदार ‘राष्ट्रपती शौर्य पदक’ म्हणून मोकळे होतात. यादीत प्रत्येकाला त्याच्या नेमक्या नावाने मांडले तर कोणाचीही किंमत कमी होत नाही. उलट, पूर, विहीर किंवा आगीतून माणूस वाचवणाऱ्याचे जीवनरक्षा पदक वीरचक्राच्या खोट्या झुलीखाली झाकले जात नाही.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळताना १९९९ सालची एक घटना पुरेशी आहे. कारगिल युद्धातल्या टायगर हिलच्या लढाईसाठी १८ ग्रेनेडियर्सच्या योगेंद्रसिंह यादव यांना परमवीरचक्र जाहीर झाले, ते मरणोत्तर म्हणून. मग कळले की ते रुग्णालयात उपचार घेत आहेत. त्याच मोहिमेत त्याच नावाचा दुसरा जवान धारातीर्थी पडला होता. देशातले सर्वोच्च पदक, आजवर अवघ्या २१ जणांना मिळालेले, युद्ध नुकतेच संपलेले, साक्षीदार हयात, सैन्याकडे प्रत्येक जवानाचा क्रमांक लिहिलेला. तरीही नावाच्या सारखेपणाने जिवंत माणूस मृत ठरला. तर मग पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या, साध्या सेना पदकाच्या नोंदीत, जिथे आडनाव जाधव, पवार किंवा शिंदे आहे आणि नाव दत्तात्रय किंवा ज्ञानोबा, तिथे काय होत असेल? एकाच तालुक्यात तेच नाव आणि तेच आडनाव असलेली दोन-तीन माणसे सैन्यात गेली असणे हा अपवाद नव्हे. नाव ही ओळख नव्हे. सैन्य क्रमांक, तुकडी आणि वडिलांचे नाव जुळल्याशिवाय राजपत्रातला माणूस आणि गावातले घर यांच्यात रेघ ओढता येत नाही.

त्यात आपली नावे इंग्रजीतून फिरून आलेली. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोघांना दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या भूमीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला: जुलै १९४४ मध्ये टायबरच्या खोऱ्यात पडलेले, माणगावच्या बाजूच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, आणि एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर लढलेले तेव्हाच्या नगर जिल्ह्यातील निमजचे शिपाई नामदेव जाधव. इंग्रजी पुस्तकांत आणि याद्यांत जाधवांचे आडनाव तीन प्रकारे लिहिलेले सापडते, आणि यशवंतांच्या ‘य’पुढचा स्वर कधी अ असतो तर कधी ए. हे दोघे इतके प्रसिद्ध आहेत की घोटाळा होत नाही. अप्रसिद्ध माणसाची मात्र अशा एका अक्षराने दोन माणसे होतात किंवा दोघांचा एक. संगणकावरच्या यादीत नाव टाकले, सापडले नाही, म्हणून ‘असा कोणी नाही’ असे सांगून मोकळे होणाऱ्यांनी निदान चार वेगवेगळ्या अक्षररचना तपासाव्यात.

नावापेक्षा अवघड गाठ पत्त्याची आहे, आणि मंगळवेढ्याच्या बाबतीत ती विशेष अवघड आहे. आज हा सोलापूर जिल्ह्यातला तालुका. पण दक्षिणेकडची संस्थाने १९४८ च्या मार्चमध्ये मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत मंगळवेढा पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होते. तेव्हा पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात भरती झालेल्या मंगळवेढेकराच्या कागदावर सोलापूर जिल्हा असण्याचे कारणच नाही. काश्मीरच्या पहिल्या लढाईत लढलेला जवानही बहुधा संस्थानी प्रजा म्हणूनच भरती झालेला. पुढे मुंबई राज्य, मग १९५६ चे द्विभाषिक, मग १९६० चा महाराष्ट्र. सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात १९४८ पूर्वीचा माणूस सापडला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. चुकीच्या दारावर थाप मारली एवढेच त्यातून कळते. हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर पाहायची असेल तर रामा राघोबा राणे यांचे उदाहरण घ्यावे. बॉम्बे सॅपर्सचे हे सेकंड लेफ्टनंट. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे गोळीबारात काढून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली आणि परमवीरचक्र मिळवले. जन्म कारवारजवळच्या चेंडिये गावचा, १९१८ सालचा. तेव्हा ते गाव मुंबई इलाख्यात होते, १९५६ नंतर म्हैसूर राज्यात गेले, आज कर्नाटकात आहे. त्यांचा पुतळा कारवारच्या किनाऱ्यावर उभा आहे, मृत्यू १९९४ मध्ये पुण्यात झाला. राज्यवार यादी करणाऱ्याने त्यांना कुठे घालावे? दोन्हीकडे घातले तर बेरीज चुकते, एकीकडे घातले तर दुसरीकडचा अभिमान दुखावतो. माझ्या मते जन्मगाव, भरतीच्या वेळचा मुलूख आणि आजचे राज्य असे तीन रकाने केले की निम्मे वाद विझतात. राणे यांच्याविषयी आणखी एक लहानसा घोळ आहे: परमवीरचक्राचे पहिले हयात मानकरी म्हणून कुठे त्यांचे नाव येते, तर कुठे लान्स नाईक करम सिंग यांचे. पराक्रमाच्या तारखेने क्रम लावला तर राणे आधी येतात, कारण करम सिंगांची लढाई ऑक्टोबर १९४८ ची. ‘पहिला’ म्हणताना कशात पहिला, हे कोणी लिहीत नाही आणि मग दोन खऱ्या माहित्या एकमेकींना खोटे पाडत बसतात.

तिसरा प्रश्न पराक्रमाच्या वर्णनाचा. पदकासोबत एक मानपत्र असते आणि त्यात थोडक्यात लिहिलेले असते की पदक कशासाठी दिले. गावात, शाळेत, व्याख्यानात जे सांगितले जाते ते या मानपत्राच्या पुष्कळ पुढे गेलेले असते. अरुणाचलातल्या नूरानांगला १७ नोव्हेंबर १९६२ रोजी गढवाल रायफल्सचे जसवंतसिंग रावत पडले आणि त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. मानपत्र सांगते की दोन साथीदारांसह पुढे सरपटत जाऊन त्यांनी चिन्यांची मशीनगन हस्तगत केली. लोककथा सांगते की ते एकटे ७२ तास ठाणे लढवत राहिले. मानपत्रातला पराक्रम एवढा मोठा आहे की त्याला ७२ तासांची जोड लागतच नाही. उलट त्या जोडीने दोन साथीदार, त्रिलोकसिंग नेगी आणि गोपालसिंग गुसाईं, कथेतून पार पुसले गेले. ‘एकट्याने’ हा शब्द जिथे जिथे आला, तिथे दुसऱ्या कोणाचा तरी वाटा गेला नाही ना, हे पडताळणाऱ्याने पहिल्यांदा पाहावे.

मराठी वाचकाला हे नवे नाही. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला तो पानिपतच्या काळातल्या पत्रांचा, आणि बखरीपुढे पत्र ठेवून पाहण्याची सवय त्यांनी महाराष्ट्राला लावली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले ते त्याच सवयीवर. तानाजी मालुसऱ्यांची घोरपड समकालीन कागदात नाही म्हणून सिंहगड कोणी परत केला नाही, आणि तानाजीही लहान झाले नाहीत. सतराव्या शतकातल्या वीराला ही कसोटी लावण्याइतके आपण प्रौढ झालो, मग विसाव्या शतकातल्या वीराला ती लावली की अपमान कसा होतो, हे मला समजलेले नाही.

मानपत्र तरी पुरेसे असते का? नसते, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण सोलापूरशी जोडलेले आहे. अशोक कामटे मुंबईला जाण्यापूर्वी सोलापूरचे पोलीस आयुक्त होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात कामा रुग्णालयाशेजारच्या रंगभवनच्या गल्लीत हेमंत करकरे आणि विजय साळसकर यांच्यासोबत ते मारले गेले. तिघांनाही पुढच्या २६ जानेवारीला अशोकचक्र जाहीर झाले, म्हणजे अवघ्या दोन महिन्यांत. सन्मान वेळेवर झाला हे चांगलेच झाले. पण त्या गल्लीत नेमके काय घडले, मदत कधी मागितली गेली, नियंत्रण कक्षाला काय कळले होते, ही माहिती त्या दोन महिन्यांत कोणी जुळवलेली नव्हती. विनिता कामटे यांनी माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करून संदेशांच्या नोंदी मिळवल्या आणि विनिता देशमुख यांच्यासोबत ‘टू द लास्ट बुलेट’ हे पुस्तक २००९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातल्या काही निष्कर्षांवर पोलीस दलातून आक्षेपही आले. ते रास्तच म्हणायचे, कारण नोंदी उघड झाल्या म्हणूनच आक्षेप घेता आला. इथे पडताळणी मागणारी व्यक्ती वीराची पत्नी होती. ‘पुरावा मागणे म्हणजे हुतात्म्याच्या घरच्यांना दुखावणे’ हा जो नेहमीचा आक्षेप आहे, त्याला याहून चांगले उत्तर मला सुचत नाही. घरच्यांना पुरावा नको असतो असे नाही. पुराव्याची विचारणा ज्या उर्मट रीतीने, ज्या खिडकीबाहेर उभे करून केली जाते, ती त्यांना नको असते. तहसीलमध्ये किंवा बँकेत वीरपत्नीला ‘मूळ प्रत आणा’ म्हणून चार खेपा घालायला लावणे याला पडताळणी म्हणत नाहीत. मूळ प्रत राजपत्रात आहे. ती शोधणे हे खिडकीआतल्या माणसाचे काम आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. सरकारी कागदच खोटा असेल तर? तो असू शकतो. २००३ मध्ये आसामच्या कछार भागात नागरिकांच्या अंगावर टोमॅटोचा सॉस ओतून, त्यांना मारलेले अतिरेकी म्हणून दाखवणारी छायाचित्रे काढली गेली, आणि हे प्रकरण पदकाच्या लालसेतून घडल्याचे पुढे आल्यावर त्यातल्या अधिकाऱ्यावर लष्करी कारवाई झाली. कारगिलच्या बटालिक क्षेत्रात ब्रिगेडचे नेतृत्व केलेले देविंदर सिंग यांनी युद्धोत्तर अहवालात आपली भूमिका विपरीत मांडली गेल्याची तक्रार केली, आणि सशस्त्र दल न्यायाधिकरणाने २०१० मध्ये त्यांच्या बाजूने निर्णय देऊन नोंद दुरुस्त करायला सांगितले. वर चुकीचे लिहिले गेले की खाली कोणाचे तरी पदक जाते आणि कोणाला तरी फुकट मिळते. पण याचा निष्कर्ष ‘कागद सोडा’ असा निघत नाही. दोन्ही प्रकरणे उघडकीस आली ती दुसऱ्या कागदांनी आणि दुसऱ्या साक्षींनी. एका कागदावर विश्वास ठेवणे ही भाबडी गोष्ट, आणि एकाही कागदावर न ठेवणे ही त्याहून भाबडी.

तिसरा आक्षेप सगळ्यांत खरा, आणि तो मंगळवेढ्यात बसून टाळता येणार नाही. कागद कोणाचा राहतो? ज्याच्या घरी पेटी असते, पेटीला कुलूप असते आणि घरात वाचता येणारे कोणी असते, त्याचा. याच गावच्या कोटाची भिंत अंगावर कोसळून चोखोबा गेले, आणि ढिगाऱ्यातल्या हाडांतून त्यांची हाडे नामदेवांनी विठ्ठलनामाच्या नादावरून ओळखली, अशी परंपरा आहे. भिंत बांधणाऱ्या बाकीच्या मजुरांची नावे परंपरेलाही ठाऊक नाहीत. पुढच्या काळातही हिशेब फारसा बदलला नाही. पहिल्या महायुद्धात कूतच्या वेढ्यात अडकलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. मेसोपोटेमियात पडलेल्यांसाठी बसरा येथे १९२९ मध्ये स्मारक झाले. त्यावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, साध्या हिंदी शिपायांच्या फक्त संख्या. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ च्या अहवालात मान्य केले की पहिल्या महायुद्धातले किमान १,१६,००० सैनिक, बहुतेक आफ्रिकेतले, नावाने स्मरलेच गेले नाहीत, किंवा मुळीच स्मरले गेले नाहीत. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांच्या वेशीवर किंवा चावडीवर दगडी पाट्या आहेत: या गावातून इतकी माणसे महायुद्धाला गेली, त्यांपैकी इतकी मेली. नावे नाहीत. अशा वेळी ‘कागद दाखवा’ म्हणणे म्हणजे ज्यांनी कागद केलाच नाही त्यांच्या गुन्ह्याची शिक्षा ज्यांचा तो झाला नाही त्यांना देणे होय.

हे मान्य करूनही पदकाच्या यादीत ऐकीव नाव घालू नये, असेच मी म्हणेन. कारण पदकाची यादी ही शूरांची यादी नव्हे. राज्याने कोणाचे शौर्य पाहिले, एवढेच ती सांगते. शौर्य घडले तेव्हा वरिष्ठ साक्षीला हवा, तो जगला पाहिजे, त्याने शिफारस लिहिली पाहिजे, ती वरच्या टेबलांवरून पुढे सरकली पाहिजे. या साखळीतली एक कडी तुटली की पदक नाही. म्हणून ज्यांना मिळाले नाही त्यांना मागच्या दाराने यादीत घुसवल्याने त्यांच्यावरचा अन्याय पुसला जात नाही, उलट झाकला जातो. नेमकी यादी असेल तरच तिच्यात कोण नाही हे दिसते: कोणत्या जातीची, कोणत्या गावांची, कोणत्या हुद्द्याची माणसे सतत गैरहजर आहेत हे मोजता येते. ऐकीव हकिकतींना वेगळे पान द्यावे. सांगणाऱ्याचे नाते, सांगितल्याची तारीख, कोणती गोष्ट स्वतः पाहिलेली आणि कोणती ऐकलेली, हे सगळे त्यावर असावे. सेवामुक्तीचे पुस्तक, निवृत्तिवेतनाचा आदेश, शाळेच्या जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख, अनेक सेवापदकांच्या कडेवर कोरलेला क्रमांक, असे दुय्यम पुरावे गोळा होत गेले की त्यातले एखादे पान कधीतरी मुख्य यादीत जाईलही.

जाणूनबुजून खोटे सांगणाऱ्यांचे काय, असे विचारले जाते आणि लगेच कडक कायद्याची मागणी होते. अमेरिकेने तोही प्रयोग केला. न मिळालेले पदक मिळाले म्हणणे हा २००५ च्या कायद्याने गुन्हा ठरवला. कॅलिफोर्नियातल्या पाणीपुरवठा मंडळाचा एक निवडून आलेला सदस्य आपल्याला सर्वोच्च पदक मिळाल्याचे सांगत होता, त्याच्यावर खटला झाला, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदाच घटनाबाह्य ठरवला. न्यायमूर्तींच्या निकालपत्रातले एक कारण इथे महत्त्वाचे आहे: खऱ्या मानकऱ्यांची यादी सरकारने सर्वांना पाहता येईल अशी ठेवली, तर खोटे आपोआप उघडे पडते. त्याच देशाने १९१७ मध्ये आपल्या सर्वोच्च पदकाची फेरतपासणी करून ९११ नावे एका फटक्यात वगळली होती. त्यांतली ८६४ एकाच पलटणीची, निव्वळ नोकरीची मुदत वाढवल्याबद्दल पदक मिळालेली. पण वगळलेल्यांत यादवी युद्धातल्या शल्यचिकित्सक मेरी वॉकरही होत्या, आणि त्यांचे पदक १९७७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर अनेक दशकांनी, परत द्यावे लागले. तपासणी निर्दय झाली की तीही चुकते, म्हणून प्रत्येक वगळण्याचे कारण लिहून ठेवायला हवे, म्हणजे साठ वर्षांनी कोणाला तरी ते वाचून दुरुस्त करता येईल.

आता संरक्षण मंत्रालयाने शौर्यपदकांसाठी स्वतंत्र संकेतस्थळ केले आहे, मग तालुक्याने वेगळा खटाटोप का करावा? कारण ती यादी वरून खाली येते आणि नावापाशी थांबते. गावची यादी खालून वर जाते. पंजाबात पहिल्या महायुद्धानंतर सरकारने गावोगावच्या शिपायांच्या वह्या केल्या होत्या. त्या लाहोरच्या संग्रहालयात पडून राहिल्या आणि २०२१ मध्ये संगणकावर खुल्या झाल्या. सुमारे ३,२०,००० सैनिकांच्या त्या नोंदी गावाच्या नावाने लावलेल्या असल्यामुळे ब्रिटनमधल्या पंजाबी कुटुंबांना शंभर वर्षांनी आपले पणजोबा सापडू लागले. पलटणीच्या क्रमाने लावल्या असत्या, तर ज्याला पलटण ठाऊक नाही अशा नातवाला त्यांचा काहीच उपयोग नव्हता. मंगळवेढ्याच्या यादीचा क्रमही म्हणून गावाप्रमाणे असावा, पदकाच्या मोठेपणाप्रमाणे नव्हे. प्रत्येक नावापुढे सैन्य क्रमांक, राजपत्राची तारीख आणि घराण्याचा दुवा असावा. आणि १९४८ पूर्वीच्या माणसांचा शोध सोलापूरच्या कचेरीत न घेता सांगली संस्थानाच्या दप्तरातून आणि मराठा, महार, बॉम्बे सॅपर्स अशा पलटणींच्या अभिलेख कार्यालयांतून सुरू व्हावा.